मनगटातून आलेलं पाणी

एडिनबरा
१६ ऑक्टोबर १९८८

प्रिय शेखर,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र गेल्या आठवड्यात पोचलं. दवाखान्याच्या वरच्या मजल्याचा स्लॅब टाकून झाला हे वाचून फार बरं वाटलं. आता पाऊसही सरला असेल, तेव्हा गवंड्यांना कारण उरलं नाही. आईंचा गुडघा कसा आहे? त्यांना माझा नमस्कार सांग. सांग कशाला म्हणते, हे पत्र तू नेहमीप्रमाणे त्यांच्यापुढे बसून मोठ्याने वाचशीलच. तेव्हा नेहमीप्रमाणे जिथे जिथे ‘तू’ दिसेल तिथे ‘तुम्ही’ करून वाच. लग्नाला वीस वर्षं झाली, त्यांची सून नवऱ्याला अरेतुरे करते हे त्यांना अजून माहीत नाही. आता या वयात धक्का नको.

उल्का अ‍ॅबरडीनला रुळली. कॉलेजातून दर रविवारी फोन करते. “आई, माझा रूम खूप थंडी आहे, पण फूड ओके आहे. तू लोनली आहेस का?” मी म्हटलं, मला कुठला वेळ लोनली व्हायला! ती म्हणाली, “गुड.” तिच्या खोलीत मी झाडू फिरवते आणि दार लावून घेते. एवढंच.

हॉस्पिटलात नेहमीचंच. मला खोली बदलून मिळाली आहे, खिडकी आहे तिला. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते, पण खिडकी ती खिडकी.

आता खरी बातमी. बसून वाच. मी पाण्याखाली जायला शिकते आहे.

हसू नकोस. उल्का प्रायमरीत असताना मी आयांच्या वर्गात पोहायला शिकले, तेव्हाही तू हसला होतास. त्याच तलावाच्या नोटीस बोर्डावर डायव्हिंग क्लबचा कागद होता: पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, आणि खाली ‘नवशिक्यांचे स्वागत’. मी सप्टेंबरातल्या एका मंगळवारी ड्यूटीवरून सुटले, घरी जायचं मनात नव्हतं, म्हणून आत डोकावले. शिकवणारी मॉइरा नावाची बाई आहे. ती शाळेत भूगोल शिकवते आणि आम्हा सगळ्यांना पाचवी ब समजून बोलते. तिने विचारलं, “तुला हे कशाला शिकायचंय?” मी म्हटलं, “मी भूल देते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या श्वासावर डोळा ठेवून बसले, आता स्वतःचा ऐकून बघावा म्हणते.” ती म्हणाली, हे कारण तिने आजवर ऐकलं नव्हतं. घेतलं मला.

तलावाच्या तळाशी बसून पहिला श्वास घेतला तेव्हा मात्र कारण वेगळंच आठवलं. लग्नानंतरचा देवगडचा तो पहिला मे महिना. तू संध्याकाळी समुद्रात शिरायचास, पार लाटांच्या पलीकडे, फक्त डोकं दिसायचं. मी वाळूवर तुझं घड्याळ, चष्मा आणि चपला राखत बसायची. एकदा मी घोट्यापर्यंत पाण्यात गेले, तर आई म्हणाल्या होत्या, “आमच्याकडच्या बायका समुद्राला नारळ देतात, समुद्रात उतरत नाहीत.” (हे वाक्य वाचताना गाळ.)

घड्याळ मात्र मी कधी ओलं होऊ दिलं नाही, हे कबूल कर.

जप. दुपारचं जेवण दुपारीच घेत जा, चार वाजता नव्हे.

तुझी,
सुप्रभा


एडिनबरा
२० नोव्हेंबर १९८८

प्रिय शेखर,

दिवाळीचं तुझं पत्र आणि आईंनी पाठवलेलं उटणं एकदमच मिळालं. कस्टमवाल्यांनी पुडी फोडून हुंगून पाहिली असावी, कारण सगळ्या पत्राला उटण्याचा वास होता. मी ते तसंच ठेवलंय. दिवाळीला वैजयंतीकडे सगळे जमलो होतो, नेहमीची आठ-दहा घरं. चकल्या मऊ पडल्या, तरी सगळ्यांनी ‘खुसखुशीत’ म्हणून खाल्ल्या. तुझी चौकशी सगळ्यांनी केली. “शेखर कधी येतोय?” विचारणारे आता कमी झालेत. “तू कधी जातेस?” विचारतात.

‘म्हातारपणी हे काय खूळ’ असं तू लिहिलंस. म्हातारी तुझी आई असेल, मी सेहेचाळीसची आहे. (हेही गाळ.)

खूळ वाढलंय. इथल्या पाण्यात नुसत्या पोहण्याच्या कपड्यांत उतरलं तर माणूस काही मिनिटांत काकडून जाईल. म्हणून एक सूट असतो, त्याला ड्रायसूट म्हणतात. पायातल्या बुटांपासून गळ्यापर्यंत अखंड. आत पाणी येतच नाही. गळ्याला आणि मनगटांना पातळ रबराच्या घट्ट पट्ट्या असतात, त्या कातडीला चिकटून बसतात. आत लोकरी झबलं घालायचं, आपल्याकडे तान्ह्या बाळाला घालतात तसं, पायांसकट. क्लबातल्या एका बाईने तिचा जुना सूट मला दिला. माझ्या झबल्याच्या आत मी तुझा तपकिरी स्वेटर घालते, तू कपाटात टाकून गेलास तो. कोपरावर विरलाय, पण ऊब आहे.

या सुटाची एक गंमत सांगते. त्याची झिप पाठीवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत असते. आपली आपल्याला लावता येत नाही. कितीही शहाणे असा, दुसऱ्या माणसापुढे पाठ करून उभं राहावंच लागतं. मॉइरा झिप ओढते आणि खांद्यावर थाप मारते, घोड्याला मारतात तशी. पूर्वी लग्नाकार्याला निघताना माझ्या तन्मणीचा फासा तू लावायचास, आणि दर वेळी म्हणायचास, “हलू नकोस गं.” मॉइराही तेच म्हणते, इंग्रजीत.

आता पाटल्यांचं. मॉइराचा नियम आहे, हातात काही घालून सूट चढवायचा नाही, रबर फाटतं. माझं मंगळसूत्र तर नोकरी लागली तेव्हापासून सणापुरतंच. पण आईंनी लग्नात चढवलेल्या पाटल्या हातातून कधी उतरल्या नव्हत्या. भूल देतानाही मी त्या कोपराकडे सरकवून वर चिकटपट्टी लावायची. आता हात जाड झालेत. साबण लावून पाहिला, हलेनात. मग खोबरेल तेलाची बाटली काढली. ती थिजून दगड झाली होती, रेडिएटरवर ठेवून पातळ केली. साताऱ्याला आमच्या दारी कासार यायचा, तो अंगठा आत दाबून, हाताची अशी मूठ वळून, दोन थेंब तेलावर लहानशी बांगडीसुद्धा चढवायचा. तसंच उलटं केलं आणि पाटल्या निघाल्या. मनगटावर दोन पांढरे पट्टे राहिले आहेत.

मग तेच तेल सुटाच्या रबरी मनगटांना लावलं. क्लबातली बाकीची मंडळी पावडर फासून धडपडत असतात. माझा हात सुळकन आत! मी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, असू दे आपली एक विद्या.

तुझ्या पत्रातला शेवटचा परिच्छेद मी वाचला. वाचला नाही असं समजू नकोस. गुढीपाडव्याला उद्घाटन, भूल द्यायला कायमचं माणूस हवं, मी येणार असेन तर ठीक, नाहीतर कोल्हापूरच्या उदय म्हणून कुणा डॉक्टरला शब्द द्यावा लागेल. ‘हो किंवा नाही, एवढंच कळव.’ कळवते रे. उल्काची पहिली टर्म संपू दे. पुढच्या पत्रात नीट लिहिते.

तुझी,
सुप्रभा


एडिनबरा
२२ जानेवारी १९८९

प्रिय शेखर,

हे पत्र आईंना वाचून दाखवू नकोस. त्यांच्यासाठी वेगळा कागद आत घातलाय, त्यात तिळगूळ, बर्फ आणि उल्काचे मार्क आहेत.

आधी संक्रांतीचं सांगते. वैजयंतीकडे हळदीकुंकू होतं. मी काळी चंद्रकळा नेसले, थोरल्या पेटीतून काढून. वाण घ्यायला ओटी पुढे केली आणि वैजयंतीचा हात तिथेच थांबला. माझे हात भुंडे होते. पाटल्या उशाच्या ड्रॉवरमध्ये. डायव्हिंगला जायचं म्हणून उतरवल्या होत्या त्या पुन्हा चढवायच्या राहूनच गेल्या. खोलीतल्या सगळ्या बायका बघत होत्या आणि बघत नाही असं दाखवत होत्या. वैजयंतीने मला किचनमध्ये नेलं. “सुप्रभा, एव्हरीथिंग ऑलराइट ना? शेखरकडून काही… म्हणजे, आर यू टू…?” मी म्हटलं, “अगं, स्कूबा डायव्हिंगसाठी काढल्यात.” तिचा चेहरा पाहायला हवा होतास! याहून वाईट सबब तिने ऐकली नसेल. तिने माझ्या हातात तिच्या दोन काचेच्या बांगड्या घातल्या आणि बाहेर आणून बसवलं.

मी हसत हसत घरी आले. जिना चढताना रडू आलं. कारण तिने विचारलं त्याचं खरं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. आपलं सगळं ठीक आहे का रे? तीन वर्षांत तू एकदा आलास, मी एकदा आले. पत्रांतून आपण एकमेकांना स्लॅब आणि गुडघे कळवतो.

गेल्या शनिवारी मी पहिल्यांदा उघड्या पाण्यात उतरले. ग्लासगोच्या पलीकडे लॉक लाँग म्हणून समुद्राचा फाटा डोंगरांत शिरलाय, तिथे. काठावर दहिवर गोठलेलं, पाणी सहा डिग्री. चेहऱ्याला पाणी लागलं आणि कपाळ असं ठणकलं की मी नळी तोंडातून काढून आईची आठवण काढली, माझ्या. मॉइरा म्हणाली, “दहा श्वास घे, मग ठरव.” घेतले. मग दुखायचं थांबलं, खरं म्हणजे चेहराच बधिर झाला, आणि आम्ही खाली गेलो.

शेखर, तू आयुष्यभर पाण्यावरून पोहलास. खाली काय असतं ते मी तुला सांगते. इथे हिरवं, मग तपकिरी, मग हातातल्या दिव्याएवढंच जग. तळाला मऊ गाळ. त्यात बिळं, आणि बिळांच्या तोंडाशी लांब हातांचे लहान लहान शेवंडे, कोळंबीचे भाऊबंद, दिवा पडला की पाठमोरे आत सरकणारे. एक पांढरं, कमळाच्या देठासारखं काहीतरी गाळात रोवून उभं होतं आणि प्रवाहात सावकाश डुलत होतं. कुणी पाहत नव्हतं, तरी डुलत होतं. आणि आवाज फक्त माझ्या श्वासाचा. ऑपरेशन थिएटरात मी दुसऱ्याचा श्वास ऐकते तेव्हा काळजीने ऐकते. हा नुसताच ऐकला.

आणखी एक, ज्यासाठी हे पत्र मोठ्याने वाचायचं नाही. खाली जाताना पाण्याचा दाब वाढतो आणि सूट सगळीकडून अंगावर आवळतो. छातीवरचं बटण दाबून थोडी हवा आत सोडायची असते. मी जरा उशिरा दाबलं. मुद्दाम. तीन वर्षांत मला इतकं घट्ट कुणी धरलं नव्हतं.

वर आले, मॉइराने झिप उघडली, आणि आत तुझा स्वेटर कोरडा ठणठणीत. सगळ्यांनी चहा पिताना टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा तू हवा होतास. दुसरं कुणी नाही, तू. चेष्टा करायला का होईना.

आता जे दोन पत्रांत लिहिलं नाही ते. खिडकीवाली खोली मला उगीच मिळालेली नाही. सप्टेंबरात माझी मुलाखत झाली. मी कन्सल्टंट झाले.

हे वाक्य लिहायला मला चार महिने लागले. कारण याच पदासाठीच्या तुझ्या सगळ्या मुलाखती मी पाहिल्यात. दर वेळी तू निळा सूट घालून जायचास, आणि संध्याकाळी ‘आणखी एका लोकल माणसाला मिळाली’ म्हणून टाय सोडायचास. मी पिठलं टाकायची. शेवटच्या वेळी तू म्हणालास, “पुरे झालं. माझ्या गावाला सर्जन हवाय, यांना नकोय.” तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता, आजही वाटतो. पण ज्या दाराने तुला इतक्या वेळा परत पाठवलं त्याच दारातून मी आत गेले हे तुला कसं सांगायचं?

मी फोन केला होता. त्याच दिवशी. देवगडच्या केमिस्टकडे लावला, तुला बोलवायला माणूस गेला, तू धापा टाकत आलास. लाइनवर खरखर. तू म्हणालास, “सुप्रभा, ऐक, पाणी लागलं विहिरीला, अठरा फुटांवर गोडं पाणी!” किती दिवसांनी तुझा आवाज असा ऐकला होता. मी म्हटलं, “वा!” आणि ठेवला. तो मंगळवार होता. त्या संध्याकाळी घरी जायचं मनात नव्हतं असं मी तुला लिहिलं होतं ना, ते हेच. एवढी मोठी गोष्ट घेऊन रिकाम्या घरात जाववेना, म्हणून तलावात शिरले.

पाडव्याबद्दल आजही लिहीत नाही. तू आधी हे वाच.

तुझी,
सुप्रभा


एडिनबरा
१२ मार्च १९८९

प्रिय शेखर,

तुझं उत्तर आलं. ‘अभिनंदन. तू त्याला पात्र होतीसच.’ त्यापुढे शाई बदलली आहे. म्हणजे एवढं लिहून तू उठलास, कुठेतरी जाऊन आलास, आणि मग दुसरं पेन घेऊन पंपसेटबद्दल लिहिलंस. कुठे गेला होतास? समुद्रावर गेला असशील. मला राग नाही. त्या दोन ओळी तू खऱ्या लिहिल्यास हे मला कळतं, आणि त्या लिहिणं तुला किती जड गेलं तेही. शेवटी तुझा प्रश्न पुन्हा आहेच: ‘मग पाडव्याचं काय?’

सांगते. पण आधी काल काय झालं ते सांगू दे, कारण उत्तर तिथूनच आलं.

काल आम्ही सेंट अ‍ॅब्जला गेलो होतो. पूर्व किनाऱ्यावर लहानसं कोळ्यांचं गाव आहे, बंदराला दगडी धक्का. तुला आवडेल. तिथलं पाणी लॉकसारखं गढूळ नाही, काचेसारखं. बारा मीटरवर खडकांची गल्ली आहे आणि दोन्ही भिंतींवर पांढरी-केशरी मऊ पोवळी, हाताच्या बोटांसारखी. मी आणि मॉइरा जोडीने होतो. मी मान वर करून बघत होते, आणि डाव्या मनगटाशी काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. मग बर्फाची सुई हातावरून वर सरकत बगलेपर्यंत गेली. रबर फाटलं होतं. मी घाबरून हात वर केला, तर सुटातली हवा फसफसून त्या भोकातून बाहेर, आणि मी खाली जायला लागले.

खोटं लिहीत नाही, फार घाबरले. देव आठवला नाही, उल्काही आठवली नाही. डोक्यात एकच वाक्य आलं: ‘शेखरला कोण कळवणार?’ केमिस्टकडे फोन लागेल का, कोण लावेल, तुला मराठीत कोण सांगेल. एवढंच. मग मॉइराने माझा हात धरून खाली दाबला, आणि मला शिकवलेलं आठवलं. फाटलेला हात खाली ठेवायचा, दुसऱ्या हाताने मनगट आवळून धरायचं, म्हणजे आतली हवा आत राहते. मी माझंच मनगट धरलं. अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. आणि सावकाश वर आलो. घाई करायची नसते. मी श्वास ऐकत आले. तोच श्वास.

धक्क्यावर मॉइराने झिप उघडली. तुझ्या स्वेटरची डावी बाही पिळून बादलीभर पाणी काढलं. मग तिने ते रबर बोटांत धरलं. ते गूळ पाघळावा तसं चिकट झालं होतं, ओढलं की तार सुटत होती. “या सुटाला तू खायला काय घालतेस?” तिने विचारलं. मी म्हटलं, “खोबरेल तेल.” ती म्हणाली, “मी पहिल्याच दिवशी पावडर म्हणून सांगितलं होतं.” मी म्हटलं, “मला वाटलं ते ज्यांच्याकडे तेल नाही त्यांच्यासाठी.” मग तिला कासाराची सगळी गोष्ट सांगितली, अंगठा दाबून दाखवला. मॉइरा धक्क्यावर बसून पोट धरून हसली. म्हणाली, “तुमचा तो माणूस हुशार असणार, पण त्याला रबरातलं काही कळत नाही. तेलाने हात सहज जातो, खरंय. आणि आतून सगळं कुजतं.”

परतताना गाडीत कुडकुडत मी तेच घोळवत होते. शेखर, मी तीन वर्षं तुझ्या प्रत्येक पत्राला तेलच लावत आले आहे. ‘उल्काची परीक्षा होऊ दे’, ‘बघू’, ‘पुढच्या पत्रात लिहिते’. प्रत्येक वेळी सुळकन सुटले. तूही सुटू दिलंस.

तर कोरडं उत्तर. मी पाडव्याला येत नाही. त्यानंतरही राहायला येणार नाही. उदय डॉक्टरांना शब्द दे, चांगला माणूस असेल तर हातचा घालवू नकोस.

हे तू नको आहेस म्हणून नाही. मला तू हवा आहेस. रोज हवा आहेस. सकाळी चहाचे दोन कप काढते आणि एक परत ठेवते, अजून. पण तिकडे आले तर मी पुन्हा वाळूवर बसेन. तू म्हणशील, दवाखाना दोघांचा. असेल. पण तो तुझा समुद्र आहे, तुझी विहीर, तुझं गोडं पाणी, आणि ते तुला मिळालं याचा मला खरोखर आनंद आहे. मला माझं इथे मिळालंय. खारट आहे आणि सहा डिग्री आहे, पण मी त्यात उतरलेय. मला कुणी नारळ देऊन परत पाठवलं नाही.

तू इथे कायमचा ये असंही मी म्हणणार नाही. या गावाने तुला काय दिलं ते मी विसरलेले नाही. पण तुझ्याकडे जून-जुलैत पावसाने रस्ते बंद होतात, ऑपरेशनं कमी असतात, उदय डॉक्टर सांभाळतील. तेव्हा महिनाभर ये. दर वर्षी ये. दिवाळीला मी येईन, दर वर्षी. याला संसार म्हणतात की नाही ते वैजयंतीला विचारून सांगते. मला तो हवाय. तुला हवाय का, हे मात्र तू सांगायचंस. हो किंवा नाही, एवढंच कळव.

आलास तर तुला सेंट अ‍ॅब्जला नेईन. धक्क्यावर बस, थर्मासमधला चहा पी, वारा फार असतो, टोपी घाल. माझी झिप तू लाव. “हलू नकोस गं,” म्हण. आणि मी खाली जाईन तेव्हा माझं घड्याळ, माझा चष्मा आणि माझ्या चपला राखत बस. मी वर येईपर्यंत पाण्याकडे बघायचं असतं, दुसरीकडे नाही. ते कसं असतं ते मला माहीत आहे. एवढं वाईट नसतं. जिवाला घोर लागतो, पण माणूस आपलं आहे हे कळत राहतं.

पाटल्या अजून ड्रॉवरमध्येच आहेत. वैजयंतीच्या काचेच्या बांगड्या थिएटरच्या दारावर आपटून फुटल्या, तेव्हा हात पुन्हा भुंडे आहेत आणि हॉस्पिटलात त्याकडे कुणी बघत नाही. तू येशील तेव्हा त्या तू चढवायच्यास. अंगठा आत दाबून धर, घाई करू नकोस. दुखलं तर सांगेन. तेल लावायचं नाही, पावडर.

नाही आलास तर मीच घालीन. एका हाताने दुसऱ्यात. वेळ लागेल, पण जातील.

आईंना नमस्कार. हे पत्र त्यांना वाचून दाखव, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही गाळू नकोस. आणि ‘तू’चं ‘तुम्ही’ करू नकोस.

तुझी,
सुप्रभा